रात्रीच्या गाडीवरच्या ड्रायव्हरने काय खावं, कधी खावं? (एका पानात मावेल असं सांगा)

रामबागकर

इंदूर–पुणे रात्रीच्या स्लीपर गाड्यांवर जे ड्रायव्हर असतात, त्यांच्या विश्रांतीच्या खोलीत भिंतीला लावायला एक पत्रक करायचं आहे. एकच पान. अक्षर मोठं, खाटेवर पडल्यापडल्या वाचता येईल इतकं. विषय: खाणंपिणं आणि तब्येत.

तयार तक्ते पुष्कळ मिळतात, पण सगळ्यांत तेच: सकाळी आठला नाश्ता, एकला जेवण, रात्री आठला हलकं काहीतरी, दहाला झोप. ज्याचा दिवस संध्याकाळी सहाला उजाडतो त्याने हे घेऊन काय करायचं? गाडी नऊला सुटते. साडेदहा-अकराला ढाब्यावर हॉल्ट, साडेबाराच्या आसपास सेंधवा, मग बिजासन घाट, दोन-सव्वादोनला धुळे आणि सकाळी आठ-नऊपर्यंत पुणे.

माझा कच्चा मसुदा असा: तेल कमी, साखर कमी, मीठ कमी, भाज्या जास्त, पाणी भरपूर. एवढं पुरे का? जाणकारांनी भर घालावी.

सराफा_रात्री_दोन

इंदूरच्या भिंतीवर ‘तेल कमी, साखर कमी’! भिया, लावायच्या दिवशी सांगा, तिकीट काढून बघायला येऊ.

पळीभर

रामबागकर, मसुद्यात चूक काहीच नाही, म्हणून तर तो निरुपयोगी आहे. ‘तेल कमी’ वाचून कोणी काय करायचं? भाजी ढाबेवाला करतो, तेलाची पळी त्याच्या हातात.

आहाराच्या बाजूने बघितलं तर आधी हिशोब मांडावा लागतो. बैठं काम करणाऱ्या ६५ किलोच्या पुरुषाला दिवसाला साधारण २११० कॅलरी लागतात, हा हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा २०२० चा आकडा. ड्रायव्हिंग हे थकवणारं काम आहे, पण तो थकवा डोळ्यांचा, मेंदूचा आणि पाठीचा. त्यात कॅलरी फारशा जळत नाहीत. घोळ इथेच होतो. ‘रात्रभर गाडी ओढायची आहे, दाबून खा’ हा सल्ला हमालाला लागू पडतो, ड्रायव्हरला नाही.

आता रात्रीचा जमाखर्च बघा. हॉल्टवर शेवटमाटर किंवा पनीर, तर्रीवाली दाल, बटर लावलेल्या तीन-चार रोट्या, वर भात. हे हजार-बाराशेच्या खाली येत नाही. एक मोठा चमचा तेल म्हणजे १२०-१३५ कॅलरी आणि ढाब्याच्या एका वाटी भाजीत असे दोन-तीन चमचे सहज असतात. मग रात्रभरात चहा. एका चहात दोन चमचे साखर म्हणजे १० ग्रॅम. आठ चहा झाले की ८० ग्रॅम, म्हणजे ३२० कॅलरी नुसत्या साखरेच्या. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर ५० ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते, जमलं तर २५. परतीच्या फेरीला सकाळी इंदुरात उतरल्यावर पोहे-जिलबी: प्लेटभर पोहे, शेव आणि शंभर ग्रॅम जिलबी धरली तर सातशेच्या आसपास. आणि हे पोटात घालून माणूस लगेच झोपतो.

पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती वेळ. मध्यरात्रीनंतर जठर सावकाश रिकामं होतं आणि इन्सुलिनही दिवसाइतकं चांगलं काम करत नाही. तेच जेवण संध्याकाळी सातला आणि रात्री बाराला घेतलं तर बाराला रक्तातली साखर जास्त चढते आणि जास्त वेळ चढलेली राहते. तेव्हा पत्रक पदार्थांप्रमाणे न लावता घड्याळाप्रमाणे लावा:

संध्याकाळी साडेसहा-सात, घरून निघण्याआधी: हेच मुख्य जेवण. तीन पोळ्या किंवा दोन ज्वारीच्या भाकरी, एक मोठी वाटी घट्ट वरण किंवा उसळ, दोन वाट्या भाजी, काकडी-मुळा, ताक.

अकराचा हॉल्ट: अर्धं जेवण. एक-दोन तवा रोटी, एक वाटी साधी दाल, दही. भात नको.

दोन ते तीन: जेवण नाही. मूठभर भाजके चणे (३० ग्रॅममध्ये ६ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात), हवा असेल तर एक चहा.

पोहोचल्यावर: एक कप दूध, एखादी पोळी किंवा दोन उकडलेली अंडी, आणि झोप.

मानपूर_बायपास

पळीभर ताईंचा तक्ता कागदावर झकास आहे. आता अकराच्या हॉल्टवर प्रत्यक्षात काय होतं ते लिहितो.

गाडी ढाब्यावर का थांबते? तीस-पस्तीस गिऱ्हाइकं एकदम येतात म्हणून. त्याच्या बदल्यात ड्रायव्हर, दुसरा ड्रायव्हर आणि क्लीनरचं जेवण फुकट. आणि फुकट जेवण म्हणजे ढाबेवाल्याच्या दृष्टीने मानपान. ‘उस्तादची प्लेट’ वेगळी लागते: वरून लोणी, जास्तीची तर्री, शेवटी गुलाबजाम. प्रवासी मागतात ती साधी दाल ड्रायव्हरला दिली तर ढाबेवाल्यालाच अवघडल्यासारखं होतं. आणि उद्या गाडी शेजारच्या ढाब्यावर वळली तर? म्हणून तो पोटातून लाच देतो.

यावर उपाय एकच: मागताना नेमकं मागायचं. ‘कमी तेल’ असं म्हणून काही होत नाही. ‘दाल बिना तडका, तडका अलग कटोरी में’ असं म्हटलं की आचाऱ्याला कळतं, कारण दाल मोठ्या पातेल्यात साधीच शिजलेली असते आणि तडका ऑर्डरप्रमाणे पडतो. रोटी ‘सुखी’ मागायची. भाजीचं पातेलं न ढवळता बाजूने काढायला सांगितलं तर वरचा कट कमी येतो. पनीर-काजूच्या ग्रेव्हीचं मात्र काही करता येत नाही, तेल त्यात मुरलेलंच असतं.

जुना_परवाना

सगळे ताटात डोकं घालून बसलेत. प्रश्न ताटाचा आहे का?

१९६१ चा मोटर ट्रान्सपोर्ट वर्कर्स कायदा काढून वाचा. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस. लांब पल्ल्याला परवानगी काढून फार तर दहा आणि चोपन्न. सलग पाच तासांहून जास्त चालवायचं नाही, मग निदान अर्धा तास विश्रांती. दोन ड्यूट्यांमध्ये सलग नऊ तास मोकळे. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षेच्या संहितेत हा कायदा सामावून घेतलाय, पण मुळात माणसाला किती ताणावं याचं माप तेव्हाच आखून दिलेलं आहे.

ड्यूटीचा तक्ता हे माप पाळणार नसेल, तर भाजके चणे खाऊन काय होणार? झोप चार तास आणि वर डाएट! पत्रक ड्रायव्हरच्या खोलीत लावू नका, ड्यूटी लावणाऱ्या बाबूच्या डोक्यावर लावा.

दोन_गाड्या_एक_कर्ज

परवानासाहेब, बाबूच्या डोक्यावर जरूर लावा, बाबू मीच आहे. लांब पल्ल्याच्या गाडीला दोन ड्रायव्हर असतातच. अडचण दुसऱ्याच्या झोपेची आहे. पहिला चालवत असताना दुसऱ्याने केबिनमागच्या बर्थवर झोपायचं असतं, पण तो क्लीनरशी गप्पा मारत जागा राहतो आणि अडीचला स्टिअरिंगवर बसतो तेव्हा तोही तितकाच शिळा झालेला असतो. बर्थला जाड पडदा, कानात कापसाचे बोळे आणि ‘सुटल्यापासून धुळ्यापर्यंत दुसऱ्याशी कोणी बोलायचं नाही’ हा नियम. खर्च शून्य.

आणि समजा उद्या सगळं कायद्याबरहुकूम झालं, तरी अकराची शेवभाजी तीच राहणार ना? तेव्हा दोन्ही लागेल.

स्टेथो_आणि_स्टेपनी

वैद्यकीय बाजू. लांबेल, पण यातलं काही वगळलं तर पत्रक धोक्याचं होईल.

ज्याला मधुमेह आहे आणि जो ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेतो, त्याने वरचा तक्ता डोळे मिटून पाळू नये. ‘रात्री अर्धं जेवण’ आणि गोळी मात्र पूर्ण, असं झालं की दीड-दोन वाजता साखर खाली येते. घाम, हात थरथरणं, चिडचिड, डोळ्यांपुढे धूसर. शेजारच्याला वाटतं उस्ताद तापलाय. नुसत्या मेटफॉर्मिन या गोळीने असं सहसा होत नाही. म्हणून गोळीची वेळ जेवणाला बांधायची असते, घड्याळाला नाही, आणि ‘माझी ड्यूटी रात्रीची आहे’ हे डॉक्टरला सांगावंच लागतं. बरेच जण नोकरी जाईल या भीतीने ड्रायव्हर असल्याचं सांगतच नाहीत.

साखर उतरली असं वाटलं तर: गाडी बाजूला, इंजिन बंद, हॅझार्डचे दिवे चालू. तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घालून प्यायचं, म्हणजे १५ ग्रॅम. पंधरा मिनिटांनी यंत्रावर तपासायचं; ७० च्या वर आली नसेल तर पुन्हा तेवढंच. चॉकलेट, बिस्किटं नकोत, त्यांच्यातल्या चरबीमुळे साखर सावकाश चढते. आणि साखर जागेवर आली म्हणून लगेच स्टिअरिंग धरायचं नाही. ब्रिटनमध्ये इन्सुलिन घेणाऱ्या ड्रायव्हरांसाठी नियम आहे: साखर पूर्ववत झाल्यावर ४५ मिनिटं थांबा, आणि ९० च्या खाली असेल तर आधी काही खाऊन मगच गाडी काढा. आपल्याकडे असा नियम नसला तरी मेंदू तोच आहे. तोवर दुसऱ्या ड्रायव्हरने घ्यावी.

बीपी: गाडीतून उतरल्या उतरल्या पट्टा बांधला तर आकडा हमखास वर येतो. चहा-तंबाखूनंतर अर्धा तास जाऊ द्या, पाच मिनिटं पाठ टेकून बसा, मग मोजा. दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी १४० वर ९० किंवा त्याहून जास्त येत असेल तर डॉक्टर गाठा. लघवी जास्त करवणारी बीपीची गोळी असेल तर तिची वेळ बदलून मागा. निघताना ती घेतली की घाटात गाडी थांबवायची वेळ येते.

सर्दीची गोळी: सेटिरिझिन, क्लोरफेनिरामिन आणि बरीचशी खोकल्याची औषधं झोप आणतात. मेडिकलवाल्याकडे ‘काहीतरी द्या’ म्हणायचं नाही, ‘झोप न आणणारी द्या’ म्हणायचं.

आणि घोरणं. गळ्याचा घेर ४० सेंटिमीटरच्या वर, मोठ्याने घोरणं, मध्येच श्वास अडकून दचकून उठणं, सात तास झोपूनही डोळे जड. असं असेल तर झोपेतल्या श्वासाची तपासणी करून घ्यावी. व्यावसायिक परवान्याच्या फॉर्म १-अ मध्ये दृष्टी, लाल-हिरवा रंग, रातांधळेपणा, ऐकू येणं हे सगळं विचारतात. रक्तातल्या साखरेचा किंवा घोरण्याचा रकाना त्यात नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर नूतनीकरण तीनऐवजी पाच वर्षांनी येतं. पाच वर्षांत साखर डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोहोचू शकते.

भापो_इंदूरकर

एक पान म्हणाले होते ना? डॉक्टरांच्या प्रतिसादालाच दीड पान लागलंय. भापो. (आमच्याकडे याचा अर्थ ‘भावना पोहोचल्या’ की ‘भाऊ, पोहे’ यावर एकमत नाही.)

पण पोह्यांची बदनामी सहन करणार नाही. पळीभर ताई, एकट्या पोह्यांवर राग का?

पळीभर

पोह्यांवर राग नाही, पोह्यांच्या साथीदारांवर आहे. 🙂 वाफवलेले पोहे हा काही वाईट नाश्ता नाही, फक्त प्रथिनं कमी, प्लेटभरात चार-पाच ग्रॅम. आपल्याकडे उसळ पोहे मिळतात, ते मागायचे: अर्धी प्लेट पोहे, वर पूर्ण वाटी उसळ, कांदा, लिंबू. जिरावन (पोह्यांवर भुरभुरायचा मसाला) चिमूटभर, कारण त्यात बरंचसं मीठच असतं. शेव एक चमचा. जिलबी... ज्या दिवशी सुट्टी आहे त्या दिवशी.

सराफा_रात्री_दोन

शेव चमच्याने मोजून! राजवाड्यावर निषेधसभा घ्यायला हवी.

लायब्ररीतला_किडा

अवांतर, पण विषयाला चिकटून आहे. बस ड्रायव्हर हा माणूस वैद्यकशास्त्राच्या इतिहासात चांगलाच मोठा आहे.

१९५३ मध्ये लंडनच्या जेरी मॉरिस या डॉक्टराने सुमारे ३१ हजार वाहतूक कामगारांचा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये छापला. दुमजली बस एकच, पगार जवळजवळ सारखा, वस्ती सारखी. फरक इतकाच की ड्रायव्हर बसून राहतो आणि कंडक्टर दिवसाला पाच-सातशे पायऱ्या चढतो-उतरतो. हृदयविकार ड्रायव्हरांमध्ये जास्त निघाला, आणि झटक्यात मरणाचं प्रमाणही जास्त. व्यायाम आणि हृदय यांचा संबंध आकड्यांनी दाखवणारं हे पहिलं मोठं काम मानतात.

पुढे १९५६ मध्ये त्याच मंडळींनी गणवेशाच्या नोंदी तपासल्या. कोणत्या वयाच्या कामगाराला कमरेला किती इंचाची पँट दिली, एवढंच. ड्रायव्हरांच्या पँटी प्रत्येक वयोगटात कंडक्टरांपेक्षा रुंद! म्हणजे फरक नोकरीने पडला, की मुळात जाडसर माणसंच ड्रायव्हर होत होती, हा वाद त्यातून उभा राहिला. तो प्रश्न त्यांनी लपवला नाही, स्वतःच मांडला.

रामबागकर

किडेसाहेब, पँटीची गोष्ट घेतली! पत्रकात टाकता येईल: ‘कमरेला ९० सेंटिमीटरच्या आत.’ भारतीय पुरुषांसाठी हाच आकडा ना?

स्टेथो_आणि_स्टेपनी

हो, ९०. पण बेंबीच्या रेषेत मोजायचं, श्वास सोडून, मोजपट्टी न आवळता. पँटचा नंबर धरू नका, पोट सुटलं की पँट खाली घसरते आणि नंबर तोच राहतो.

मणका_आणि_मडगार्ड

फिजिओथेरपीच्या बाजूने थोडं, कारण खाणं बरोबर असूनही पाठ गेली तर माणूस हलत नाही आणि मग पोट येतंच.

सीट: क्लच पूर्ण दाबला तरी गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. सरळ होत असेल तर सीट लांब आहे आणि प्रत्येक क्लचला कंबर ओढली जाते. पाठीचा कोन काटकोनापेक्षा थोडा जास्त, १००-११० अंश. गुडघ्यामागे सीटच्या कडेपर्यंत दोन बोटं मोकळी. कमरेच्या खोलगट भागात, बेल्टच्या उंचीला, मनगटाएवढी जाड टॉवेलची गुंडाळी. मागच्या खिशातलं पाकीट काढायचं. ते एका बाजूला असतं, माणूस रात्रभर वाकडा बसतो.

हवेच्या सीटवर वजनाची खटकी असते. पहिला ड्रायव्हर ९० किलोचा, दुसरा ६२ चा, आणि अदलाबदलीला खटकी कोणी फिरवत नाही. मग हलका माणूस वर उडतो आणि जड माणसाची सीट तळाला टेकते. प्रत्येक खड्डा थेट मणक्यात. दोन सेकंदांचं काम आहे.

सगळ्यात मोठी चूक: हॉल्टला उतरल्याबरोबर डिकीत वाकून सामान ओढणं. तीन तास बसून मणक्यातल्या चकत्या दबलेल्या आणि अस्थिबंध सैल पडलेले असतात. आधी पाच मिनिटं चाला, वीस वेळा टाचा उचला, कमरेवर हात ठेवून पाचदा मागे झुका. मग सामान, तेही क्लीनरने.

सिटी_नंबर_बारा

तुम्ही सगळे पुण्याच्या गाडीत बसलात, शहरातल्या बसचं कोणी बोलेना. त्या ड्रायव्हरची रड वेगळी आहे: तिथे रात्र नाही, पण लघवीला जागा नाही.

पहाटे पाच-साडेपाचला डेपो. शेवटच्या थांब्यावर पाच-सात मिनिटं, ट्रॅफिक लागलं तर तीही खाल्ली जातात. म्हणून लोक पाणीच पीत नाहीत. एप्रिल-मेमध्ये इंजिन पुढे असलेल्या गाडीत बोनेटची धग पायाला लागते आणि माणूस आठ तासांत अर्धा लिटर पाण्यावर असतो. मग मुतखडा, मूत्रमार्गाची जळजळ, मूळव्याध, डोकेदुखी. ही सगळी एका बाटलीची भावंडं.

इथे ‘पाणी भरपूर’ लिहून भागत नाही. जिथे स्वच्छतागृह आहे ते थांबे आधी ठरवायचे आणि पाणी त्या हिशोबाने प्यायचं: थांब्याच्या अर्धा-पाऊण तास आधी ३०० मिली. एकदम लिटरभर ढोसलं की तासाभरात अडचण होते, थोडं थोडं घेतलं तर शरीर वापरतं. ड्यूटीत दीड ते दोन लिटर, उन्हाळ्यात जास्त. लघवीचा रंग फिक्या लिंबूपाण्यासारखा हवा. मोहरीच्या तेलासारखा दिसला तर उशीर झालाय. ताकात पाव चमचा मीठ चालेल, बीपीवाल्याने तेही टाळावं. कोल्ड्रिंक म्हणजे पाणी नाही. ३०० मिलीत साताठ चमचे साखर जाते.

खायला हाताला न लागणारं: पेरू, केळं, भाजके चणे-दाणे, उकडलेलं अंडं. आणि थांब्यावर. चालत्या गाडीत एका हाताने कचोरी हा प्रकार पोटापेक्षा प्रवाशांना जास्त धोक्याचा.

दशमी_तिथी

डब्याचं लिहिते, कारण ढाब्याला पर्याय डबाच आहे आणि बायका विचारतात तो प्रश्न एकच: टिकेल काय?

आपल्या आज्या प्रवासाला दशम्या बांधून देत, त्याला कारण होतं. पिठात पाण्याऐवजी दूध घातलं की पोळी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते आणि रस्सा लागत नाही. दोन वाट्या कणीक, पाऊण वाटी दूध, चमचाभर तेल, चिमूट मीठ. नेहमीपेक्षा थोडी घट्ट भिजवायची. भाजल्यावर पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरायच्या नाहीत. गरम भरल्या की आतल्या वाफेने ओल्या होतात आणि पहाटेपर्यंत आंबूस वास येतो. बरोबर दाण्याची किंवा जवसाची कोरडी चटणी. भाजणीचं थालीपीठही चालतं, त्यात डाळी असल्यामुळे पोट धरून ठेवतं, पण कांदा घालायचा नाही, कांद्याला पाणी सुटतं.

टिकत नाही ते: भात, ओल्या नारळाची चटणी, रस्साभाजी, पनीर. उन्हाळ्यात बंद केबिनमध्ये हे तासाभरात बिघडायला लागतं. ताक न्यायचं तर थर्मासमध्ये, निघताना अगदी थंड करून.

मानपूर_बायपास

दशमी ताई, डबा उत्तम. पण एक व्यावहारिक गोष्ट: ड्रायव्हर ढाब्यावर डबा उघडून बसला तर ढाबेवाला नाराज होतो. तिथे ‘फक्त दही आणि कांदा-काकडी द्या’ म्हणायचं. मान राखला जातो आणि जेवणही पूर्ण होतं.

श्रावणसोमवार

उपासाचं काय? श्रावणात आणि नवरात्रात अर्धी गाडी उपाशी असते, ड्रायव्हरसुद्धा. साबुदाणा खिचडी खाऊन घाटात गाडी?

पळीभर

खिचडी म्हणजे पिष्ट आणि तूप, दाणे सोडले तर प्रथिनं नाहीतच. तासाभराने पेंग येते आणि तीन तासांनी भूक. उपास ठेवायचाच तर राजगिऱ्याची पोळी, दही, भाजलेले दाणे, एखादं फळ. निर्जळी उपास करून रात्रीची गाडी घेऊ नये. मधुमेहाच्या गोळ्यांवर असलेल्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपासच नको.

पुडी_बंद

तंबाखूवर सगळे गप्प का? जागरणाचं पहिलं औषध तेच मानतात. मध्य प्रदेशाने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली, देशात सगळ्यात आधी. झालं काय, तर पानमसाल्याची पुडी वेगळी आणि तंबाखूची वेगळी; दोन्ही तोंडात एकत्र केल्या की गुटखा तयार.

निकोटिनने दहा-वीस मिनिटं तरतरी येते, मग माणूस पुढची पुडी शोधतो. सुपारीने तोंडाच्या आतली त्वचा कडक होत जाते. घरच्या घरी तपासणी: तीन बोटं एकावर एक धरून उभी तोंडात जातात का? जात नसतील, तिखट झोंबत असेल, गालात पांढरट पट्टे दिसत असतील तर दाताच्या डॉक्टरकडे, लगेच. पर्याय म्हणून बडीशेप-लवंग बऱ्याच जणांना जमते; गोड सुपारी हा पर्याय नव्हे, तीही सुपारीच.

जुना_परवाना

मी पुन्हा येतो, कारण दोन ते तीन हा मुद्दा चण्यांवर उरकला गेलाय. अपघाताची वेळ तीच आहे. रात्री दोन ते पाच शरीर स्वतःच खाली जातं, पोटात काहीही असो. ताशी ८० च्या वेगाला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. चार सेकंद डोळा लागला तर ८८ मीटर कोणी चालवतच नसतं. आपल्या तक्त्यात ही वेळ धुळे ते मनमाडच्या पट्ट्यात येते. घाटात माणूस घाबरून जागा असतो. घाट संपून सरळ रस्ता लागला की झोपतो.

स्टेथो_आणि_स्टेपनी

इथे परवानासाहेबांशी पूर्ण सहमत. चहा कसा वापरायचा तेवढं सांगतो. चहा-कॉफीतलं कॅफीन चढायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि निम्मं उतरायला पाचेक तास. म्हणून आठ चहा रात्रभर शिंपडण्यापेक्षा दोन, नेमक्या वेळी. धुळ्याला गाडी थांबवा, एक कडक चहा प्या आणि लगेच वीस मिनिटं आडवे व्हा. जाग येते तेव्हा चहाही चढलेला असतो. उठल्यावर दहा मिनिटं चाला, तोंड धुवा, मग स्टिअरिंग. झोपेतून उठून थेट गाडी घेतली तर पहिली काही मिनिटं मेंदू अर्धवट असतो. वीसची चाळीस मिनिटं झाली तर तो जडपणा आणखी वाढतो. पहाटे चारनंतर चहा नाही, नाहीतर पुण्यात झोप लागत नाही आणि परतीच्या फेरीला व्याज भरावं लागतं.

मोठ्याने गाणी लावणं, खिडकी उघडणं, डोळ्यांवर पाणी मारणं यांचा परिणाम फार तर दहा-पंधरा मिनिटं.

दोन_गाड्या_एक_कर्ज

वीस मिनिटं गाडी उभी केली की तीन प्रवासी ऑफिसला फोन करतात. पण वेळापत्रकातच ‘धुळे, तांत्रिक थांबा, ३० मिनिटं’ असं छापलं तर कोणी विचारत नाही. हे करतो.

रामबागकर

सगळ्यांचे आभार. माझा ‘तेल कमी, साखर कमी’ मसुदा रद्द. आता दोन कागद करतोय.

ड्रायव्हरच्या खोलीत:
७ वाजता पोटभर. ११ ला अर्धं, तडका वेगळा, भात नाही. धुळ्याला चहा, लगेच २० मिनिटं झोप, १० मिनिटं चाल. ४ नंतर चहा नाही. पोहोचल्यावर हलकं. मधुमेहाची गोळी असेल तर जेवण अर्धं करण्याआधी डॉक्टरला विचारा, खिशात ग्लुकोज. सीटची खटकी फिरवा, पाकीट काढा. सर्दीची गोळी विचारून.

ड्यूटीच्या टेबलावर:
सलग पाच तासांच्या आत अदलाबदल. दोन ड्यूट्यांत नऊ तास. दुसऱ्या ड्रायव्हरशी धुळ्यापर्यंत कोणी बोलायचं नाही. शहरातल्या मार्गांवर स्वच्छतागृहाचे थांबे ठरलेले. वर्षातून एकदा साखर, बीपी, कंबर, डोळे.

पळीभर

पहिला कागद अजून लांब आहे, पण चालेल. घड्याळाचे आकडे लाल करा.

मानपूर_बायपास

रच्याकने, म्हणजे ‘रस्त्याच्या कडेने’, जाता जाता (आणि या धाग्यावर हा शब्द खराखुरा लागू पडतो), पत्रक मराठीत काढताय का? गाड्यांवरचे बरेच ड्रायव्हर निमाडी-हिंदी बोलणारे आहेत.

रामबागकर

बरोबर. हिंदीत करतो. फक्त ‘दशमी’ला हिंदीत काय लिहू?

दशमी_तिथी

दशमीच लिहा आणि शेजारी चित्र काढा.

सराफा_रात्री_दोन

चित्रात वर थोडी शेव दाखवा, म्हणजे निदान बघतील तरी.